पान एकसष्ट

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

सुपरमार्केटच्या फळ्यावर मी लावलेलं कार्ड तीन महिने पिवळं पडत होतं. ‘इंग्रजी शॉर्टहँड व टायपिंग. अचूक.’ नवरा, सुरेश, रोज चिडवायचा, रास अल खैमात डिक्टेशन द्यायला कोण बसलंय, इथे सगळा कारभार सिमेंटचा नि टाइल्सचा. आज त्याचे दात घशात गेले. मला काम मिळालं.

मार्टिन फान लीर नावाचा डच इंजिनियर आहे, बंदरावर जहाजांत खडी भरायच्या कामावर. समुद्राकाठी बंगला. बायको-मुलं हॉलंडला, इथे सोबतीला त्याची आई, वय एकाहत्तर. बाईंना आपलं आयुष्य लिहून हवंय. डोळे अधू झालेत, समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. त्या बोलणार, मी उतरवणार, घरी येऊन टाइप करणार. फेब्रुवारीत त्या कायमच्या परत जाणार, त्याआधी पुरं व्हायला हवं.

मार्टिनने मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. एक, आई ज्यू आहे, युद्धात कॅम्पमध्ये होती, घरातली एकटीच परत आली. हे इथे कोणाला माहीत नाही आणि कळू नये, इथे आम्ही फक्त डच. दोन, तिने यातलं मला आजवर काहीही सांगितलेलं नाही. डचमध्ये तिला ते बोलताच येत नाही म्हणते. मी म्हटलं, निर्धास्त राहा, मी तेवीस वर्षं मुंबईत विमा कंपनीत मोठ्या साहेबांची स्टेनो होते, तिथलं एक अक्षर अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. टायपिंगमध्ये चूक दिसली तर तुम्ही काय करता? मी सांगितलं की माझ्या हातून सहसा होत नाही, आणि दुसऱ्याची दिसली तर ती दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या बराच वेळ माझ्या कानाच्या दिशेने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बुधवारपासून या. शनिवार, सोमवार, बुधवार. मंगळवार सोडून कधीही.

छाप पडली हे उघड आहे.

११ नोव्हेंबर, बुधवार

पहिली बैठक. बाईंनी सुरुवातच अशी केली की ज्यू म्हणजे कोण हे तुम्हाला माहीत नसेल. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात डिस्पॅचला मिस पेणकर होत्या. अलिबागकडच्या, घरात मराठी, आजोबांचा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. बाईंना हे खरंच वाटेना. तुमच्याकडे त्यांना कोणी काही केलं नाही? मी आठवून सांगितलं, शनिवारी रजा घेतात म्हणून साहेब कुरकुरायचे, तेवढंच. बाई इतक्या हसल्या की त्यांची कामवाली खतीजा स्वयंपाकघरातून बघायला आली. मग दीड तास न थांबता बोलल्या.

वडील टोप्या शिवायचे. आई पियानो शिकवायची. बाई चौदाव्या वर्षी टायपिंग शिकल्या, दहाही बोटांनी. म्हणजे आम्ही एकाच धंद्यातल्या.

२५ नोव्हेंबर, बुधवार

बाई एक गोष्ट चार वेळा सांगतात. सायकल जप्त झाली ते तीनदा झालं, वडिलांना रस्त्यातून उचललं ते आज पाचव्यांदा. दर वेळी मधेच ‘थांबा, नाही, तसं नाही’ म्हणतात आणि पुन्हा तेच सांगतात. मी घरी येऊन सगळं एका ओळीत लावते. पाच वेळचं एकदा, सनावळी नीट, वाक्यं पुरी. मोठ्या साहेबांची भाषणंसुद्धा अशीच माझ्या हातून माणसात यायची.

खतीजा दापोलीकडची, आठ वर्षं आखातात आहे. तिच्याकडून कळलं की आजी मंगळवारी दिवसभर काही खात नाहीत. “कोणाशी बोलत पन नाय. खुर्चीवर बसून रवतात.” माझीही अंगारकी असते. त्यांच्यातही मंगळवार पाळतात हे ऐकून मला कौतुक वाटलं.

२३ डिसेंबर, बुधवार

रोजे सुरू झालेत, खतीजा दुपारपर्यंत गळून जाते, म्हणून चहा मीच केला. बाई म्हणाल्या, आज मंगळवारचं सांगते.

हॉलंडमध्येच एक कॅम्प होता. तिथे सगळ्यांना आणून ठेवायचे आणि दर मंगळवारी एक गाडी भरून पूर्वेला, मृत्युछावण्यांकडे पाठवायचे. सोमवारी संध्याकाळी यादी तयार व्हायची, हजारेक नावं. बाई सोळा वर्षांच्या होत्या. टायपिंग येतं म्हणून त्यांना कॅम्पच्या ऑफिसात बसवलं. यादी टाइप करणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया यादीत येत नसत. वडील आधीच गेले होते. चौदा महिने त्यांनी स्वतःला आणि आईला टायपिंगवर जगवलं.

मी अंगारकी म्हणून कौतुक करत होते. मला माझीच लाज वाटली. घरी येऊन पोरावर, कुशलवर, विनाकारण ओरडले.

४ जानेवारी १९९९, सोमवार

आजचं मी इथेही लिहून ठेवते, जसं त्या बोलल्या तसं. शॉर्टहँडच्या वहीत आहेच.

“फेब्रुवारीतला सोमवार होता. यादी टाइप करून झाली आणि मी तपासायला घेतली. मला तपासायला कोणी सांगितलेलं नव्हतं. थांबा. नाही, कोणीच सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या पानावर एक नाव होतं, तेच सतराव्या पानावर पुन्हा होतं. तोच माणूस, तीच जन्मतारीख. म्हणजे यादीत एक माणूस कमी होता. मी ते कागद घेऊन ऑफिसच्या साहेबाच्या टेबलापाशी गेले आणि चूक दाखवली. मला वाटलं, शाबासकी मिळेल. मिळाली. हुशार मुलगी आहेस, म्हणाला. मग त्याने कॅम्पमधल्या माणसांच्या कार्डांच्या खोक्यातलं वरचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मिर्याम ड्रुकर, एकोणीस वर्षं. माझ्या खालच्या फळीवर झोपायची. मी जागेवर जाऊन तिचं नाव टाइप केलं. आडनावात दोन के. बरोबर केलं.”

मी मान वर केली नाही. डिक्टेशन चालू असताना करायची नसते. आज मला करायची छातीही नव्हती.

“मी बोलले नसते तर कोणाला कळलं नसतं. एक जागा रिकामी गेली असती. त्याच वर्षी पुढे मला आणि आईला नेलंच, त्या टायपिंगने आम्ही वाचलो नाही. ॲमस्टरडॅमला एक बाई कॅम्पच्या आठवणी टिपायला कॅमेरा घेऊन आली होती. चार तास इंग्रजीत बोलले, हे सोडून सगळं सांगितलं. मिर्यामचं मागे कोणी नव्हतं. तिचं नाव मी आयुष्यात एकदाच टाइप केलंय. ते दुसऱ्या एखाद्या कागदावर यायला हवं. आणि मार्टिनने ते वाचायला हवं. मी गेल्यावर नाही, आता.”

मग वाचून दाखवा म्हणाल्या. मी वहीतून जसंच्या तसं वाचलं. त्यांनी मान हलवली आणि खतीजाकडे सूप मागितलं.

मी टॅक्सीत रडले. ड्रायव्हरने काच खाली करून दिली.

६ जानेवारी, बुधवार

दोन दिवस टाइपरायटर उघडला नव्हता. आज ठरवलं आणि मोकळी झाले.

मी हे टाइप करणार नाही. नीट विचार करून लिहिते आहे. सोळा वर्षांची पोर, चूक दिसली, दाखवली. तिच्या जागी मी असते तर मीही दाखवलीच असती, आणि दोनदा. म्हणूनच मला ठाऊक आहे की यात तिचा काही दोष नाही. दोष नाही तर लिहायचं कशाला? मुलगा हे वाचणार आणि त्याच्या मनात एकच राहणार की आईने एका पोरीला गाडीत बसवलं. बाई परवा भरात बोलून गेल्या. उद्या पस्तावतील, आणि तेव्हा कागद मुलाच्या हातात गेलेला असेल. म्हाताऱ्या माणसाला जपायचं असतं, त्याच्या सगळ्या हट्टांना मान डोलवायची नसते.

पान एकसष्टवर मी एवढंच लिहिलं: ‘दर सोमवारी संध्याकाळी यादी पुरी होत असे.’ खोटं नाही. पान सुबक दिसतं.

सुरेशला नावगाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, मीटिंगमध्ये काय भांडणं होतात आणि मिनिट्समध्ये आपण काय लिहितो, यल्ला, सोड, तेच की हे. त्याला हिशेबातलं जितकं कळतं तितकं माणसांतलं कळत नाही, पण या वेळी बरोबर बोलला.

१३ जानेवारी, बुधवार

आजपर्यंतची टाइप केलेली पानं बाईंना वाचून दाखवली. एकसष्टवर आले तेव्हा शॉर्टहँडची वही मांडीवर होती, त्यातून वाचलं, मग बासष्ट पुन्हा कागदावरून. बाईंना दोन्हींत फरक दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दोन के ना, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. उद्याच्या संक्रांतीचा तिळगूळ आजच दिला. त्यांनी लाडू हाताने चाचपून बघितला आणि अख्खा खाल्ला.

संध्याकाळी कुशलचा शाळेचा निबंध नीट करून दिला. अर्धा मीच नव्याने लिहिला, आता कुठे वाचण्याजोगा झालाय. चिरंजीव म्हणाले, “देन यू सबमिट इट, मम्मा. इट्स नॉट माइन.” चौदाव्या वर्षी उपकाराची जाण नसतेच.

३० जानेवारी, शनिवार

काम पुरं. चौऱ्याऐंशी पानं, एकही खाडाखोड नाही. मार्टिनच्या हातात फाइल दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, उघडली नाही.

बाईंचं नऊ तारखेचं तिकीट आहे. मंगळवार. मार्टिन बदलून घेत होता, बाईंनीच राहू दे म्हटलं.

३ फेब्रुवारी, बुधवार

मार्टिन दारातच थांबला होता. त्याने दोन दिवसांत सगळं वाचलं. म्हणाला, “लहानपणापासून मला वाटायचं की आईने तिथे काहीतरी भयंकर केलंय. झोपेत माफी मागायची ती. कोणाची ते कधी विचारलं नाही. घाबरतच वाचायला बसलो. आणि त्यात काहीच नाही. थँक यू, मिसेस कारखानीस.”

मग माझ्यादेखतच तो आत गेला आणि आईला म्हणाला, मी सगळं वाचलं, मला तुझ्याबद्दल जे वाटायचं तेच आजही वाटतं. बाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्यांना एवढं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. खतीजा म्हणाली, आज आजी दोन पोळ्या जेवल्या.

मला फार समाधान वाटलं. आपण योग्य केलं याची याहून मोठी पावती कोणती?

निघताना बाईंनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाल्या, “मिर्यामबद्दल तो काही बोलला नाही. तुमच्याजवळ काही बोलला?” मी म्हटलं, पुरुषांना असल्या गोष्टी तोंडाने बोलता येत नाहीत. त्या हो म्हणाल्या. मनगट मात्र लगेच सोडलं नाही.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. सगळे उशिरा उठले. मी सकाळपासून कार्बनची प्रत घेऊन बसले आहे.

सहज म्हणून मिर्यामचं नाव शोधायला गेले. एकसष्टवरून मी ते काढलं हे माहीत होतंच. पण दुसरीकडे कुठेतरी असेल, खालच्या फळीवर झोपायची, दातदुखीने रडायची, ते बाईंनी आधीही दोन-तीनदा सांगितलं होतं. पान पान पाहिलं. नाही. तेही मीच पुनरुक्ती म्हणून गाळलं होतं. चौऱ्याऐंशी पानांत ते नाव कुठेच नाही.

म्हणजे मी कोणाला जपलं? बाईंना, असं मी म्हणत होते. बाईंनी तर मला जपायला सांगितलंच नव्हतं. त्यांनी एक नाव टाइप करायला सांगितलं होतं. पंचावन्न वर्षांनी एक टायपिस्ट शोधून काढली, आणि तिने तेच एक नाव खोडलं. मार्टिनने आईला माफ केलं, पण ते कशाबद्दल हे त्याला माहीत नाही. बाईंना वाटतंय माहीत आहे. दोघं एकमेकांना मिठी मारून बसलीत आणि मधे मी उभी आहे.

सुरेश म्हणतो, आता खलास, चार दिवसांत त्या जातील, सगळे खूश आहेत, तू कशाला काडी टाकतेस. खरं आहे. बोलले तर बाईंचं सुख जाईल, मार्टिन मला दाराबाहेर काढेल, आणि गावभर नाव होईल ते वेगळंच. नाही बोलले तर कोणालाही कळणार नाही. शॉर्टहँड माझ्याशिवाय इथे कोणाला वाचता येतं?

बाईही नेमक्या याच जागी बसल्या होत्या, असं मला दिवसभर वाटत राहिलं. मग वाटलं, नाही. तेव्हा चूक दाखवल्यावर एक माणूस गेलं. आज न दाखवल्यावर जाईल.

जेवणानंतर टाइपरायटर काढला. एकसष्ट नव्याने, आणि त्याला जोडून एकसष्ट-अ. ‘थांबा’ आणि ‘नाही’ सकट.

८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेनऊला पोचले. हॉलमध्ये बॅगा भरून ठेवलेल्या. मार्टिनला अंगणात बोलावून दोन्ही पानं दिली आणि सांगितलं, आईने हे सांगितलं होतं, मी तुमच्यापासून लपवलं, तिला वाचून दाखवताना वहीतून दाखवलं आणि कागदावर ठेवलं नाही. एका दमात सांगितलं.

त्याने उभ्याउभ्या वाचलं. मग कुंपणाच्या भिंतीवर बसून पुन्हा वाचलं.

“हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

“कोणी नाही.”

“मी तिला जे म्हणालो, ते न वाचता म्हणालो.”

“हो.”

“उद्या ती जाते आहे. आता हे मी तिला सांगायचं?”

मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा, मी एकदा परस्पर ठरवून बसले आणि घोटाळा केला. आयुष्यात हे वाक्य मी कोणाला म्हटलेलं नाही. तो माझ्याकडे न बघता आत गेला आणि दार लागलं. मी अंगणातच थांबले. घरी निघून जावं असं दहादा वाटलं. खतीजाने पाण्याचा ग्लास आणून दिला, काय झालं विचारलं नाही.

अर्ध्या तासाने तिनेच आत बोलावलं. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मार्टिन जमिनीवर, त्यांच्या खुर्चीला टेकून. दोघांचे डोळे लाल होते. बाईंनी मला जवळ बोलावलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

“मला वाचवायला निघालात.”

“हो.”

“मलाही तेव्हा वाटलं होतं की मी काम नीट करते आहे.”

त्या रागावल्या होत्या का, ते मला अजून सांगता येणार नाही. त्यांनी कागद मागितला. मार्टिनने एकसष्ट-अ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या कडेकडेने बघायचा प्रयत्न करत होत्या, मान तिरकी करून, पण टाइपची अक्षरं बारीक. म्हणाल्या, कुठे आहे? मी त्यांचं बोट धरलं आणि वरून नवव्या ओळीवर ठेवलं, नावाच्या सुरुवातीला. मग बोट हळूहळू शेवटापर्यंत सरकवलं. त्यांनी ते पुन्हा स्वतःच मागे नेलं आणि पुन्हा सरकवलं.

खाली बंदराकडे ट्रक जात होते.

मग मार्टिनने विचारलं. डचमध्ये नाही, इंग्रजीत, बहुधा मी तिथे होते म्हणून. “कशी होती ती?”

पंचावन्न वर्षांत बाईंना हे कोणी विचारलं नसावं. त्या घाबरल्यासारख्या झाल्या. मग माझ्या कानाच्या दिशेने बघून म्हणाल्या, लिहिणार?

पर्समध्ये वही होती, पेन्सिलला टोकही होतं. मी त्यांच्या पायाशी, मार्टिनच्या शेजारी बसले. बाईंनी सुरुवात केली. मिर्याम उंच होती. थांबा. नाही, उंच नव्हती, फळीवर बसलेली असायची म्हणून तशी वाटायची. तिला शिट्टी वाजवता येत होती. तिला शिट्टी वाजवता येत होती, मुलींनी वाजवायची नसते तेव्हाची गोष्ट आहे. नाही, थांबा, तिला शिट्टी वाजवता येत होती.

मी तिन्ही वेळा लिहिलं.